खिडकीबाहेरची सुतळी

डोळे उघडले तेव्हा उन्हाची तिरीप थेट माझ्या नाकावर आली होती. डिसेंबरात आमच्या खोलीत ऊन नाकापर्यंत पोचायचं म्हणजे दहा वाजून गेलेले. घड्याळ बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. दहा वीस.

"मेलो!" मी मोठ्यानं म्हणालो.

ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. माझ्यासोबत राहणाऱ्या सर्जेराव लोमटेचा पलंग रिकामा होता, गोधडीची घडी उशाशी. माझ्या गोधडीचं टोक मात्र ओलं गार झालेलं. झोपेत तांब्या लवंडला असेल, असं म्हणून मी दाराची कडी काढली आणि पळालो. व्हरांड्यात एक सायकल उभी होती ती घेतली. कुणाची होती ते मला आजतागायत माहीत नाही. कॉलेजचं शेत हॉस्टेलपासून दोन किलोमीटरवर. वाटेत मला एकच दिसत होतं, माझी धाकटी बहीण सुमन घरी बसलेली.

आता ह्यात सुमनचा काय संबंध, ते सांगायला हवं.

मी तेव्हा कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होतो. वडील एसटीत कंडक्टर. पहिल्या गाडीवर ड्युटी, त्यामुळे तीस वर्षं साडेतीनला उठलेला माणूस. त्यांच्या पोटी मी असा कसा निपजलो, हे कोडं आईला कधी सुटलं नाही. वडिलांचं सरळ म्हणणं होतं, "अंबादास, तुझं चौथं वर्ष संपेल त्या जूनला मी रिटायर. त्याच जूनला तू बाहेर पडायचंस. तू निघालास की मग सुमनला पाठवता येईल. दोघांचं एकदम मला झेपायचं नाही." म्हणजे माझं एक वर्ष वाढलं की तिचं कायमचं बसलं. सुमन माझ्यापेक्षा हुशार होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला तर जास्तच.

आणि वर्ष जायची पूर्ण तयारी मी केलेली होती! आमच्या हॉस्टेलात झोपेचा कारभारच उलटा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॅरम, गाणी, आणि मतदानाचा हक्क नुकताच मिळालेल्या पोरांनी देश चालवायच्या गप्पा. आणि सकाळी सातला तास, प्रात्यक्षिक असेल तर साडेसहाला. पोरं वर्गात बसल्या बसल्या पेंगायची. एकदा एक जण झोपेत "आउट!" म्हणून ओरडला होता. मी ह्या सगळ्यांचा म्होरक्या. रात्री मला तरतरी यायची आणि सकाळी माझं अंग शिशाचं व्हायचं. आळशी म्हणा, काही म्हणा, पण खरंच सांगतो, मला उठायचं असायचं. रोज रात्री मी ठरवायचो आणि रोज सकाळी तोंडघशी पडायचो.

ह्यावर हॉस्टेलनं एक तोड काढली होती. आमच्या सगळ्या खोल्या तळमजल्याच्या. झोपताना सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दुसरं खिडकीच्या गजांतून बाहेर सोडायचं. सर्जेराव विद्यापीठाच्या संघातला पळणारा गडी. पाचला पळायला जायचा, सहाला परतताना खिडक्यांखालून एकेक सुतळी ओढत यायचा. अकरा खिडक्या, अकरा सुतळ्या, आणि आतून अकरा प्रकारच्या शिव्या. तो नुसता हसायचा. बोलायला त्याच्याजवळ शब्दच कमी. त्याला स्वतःला सुतळी कधी लागली नाही.

आमच्यातले काही लबाड सुतळी अंगठ्याऐवजी पलंगाच्या पायाला बांधायचे. बाहेरून सर्जेराव ओढून ओढून दमायचा, आत लोखंडी पलंग ढिम्म हलायचा नाही. आणि वर "मी सुतळी लावली होती की!" म्हणायला मोकळे. ही लबाडी शोधून कुणी काढली म्हणाल, तर मीच.

वनस्पती पैदास शिकवायला वाघचौरे सर होते. सडपातळ, चष्म्याला दोरी, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी मला एक दिवस बोलावून घेतलं.

"सुरवसे, आठ गैरहजेऱ्या झाल्या तुझ्या. नववी झाली की टर्म गेली, म्हणजे वर्ष गेलं. मी खाडाखोड करत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"उद्या संध्याकाळी ज्वारीचं काम आहे, परवा सकाळी त्याचाच पुढचा भाग. ह्या प्रात्यक्षिकावर तुझं सगळं आहे, एवढं ध्यानात ठेव."

ते काम असं होतं. ज्वारीच्या एकाच फुलात नर भाग असतो आणि मादी भागही. दोन वाणांचा संकर करायचा तर एका वाणाच्या फुलातले नर भाग संध्याकाळी सुईनं काढून टाकायचे, म्हणजे ते फूल स्वतःचं स्वतः फळत नाही. मग कणसावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्याच्यावर झटकायचे. आमची मादी होती बुटक्या वाणाची, नर उंच वाणाचा. दोघा-दोघांत नराचं एक कणीस दिलेलं. माझा जोडीदार अर्थातच सर्जेराव.

"नराचा फुलोरा संपत आलाय," सर म्हणाले होते. "उद्याची एकच सकाळ आहे तुमच्याजवळ. पराग सूर्य वर येईपर्यंत जिवंत. आठनंतर ती नुसती पिवळी भुकटी. शेतात मी हजेरी घेणार नाही. काम झालं की पिशवीवर तारीख, वेळ आणि सही करायची. पिशवी हीच तुमची हजेरी."

संध्याकाळी मी तीन तास मान मोडून बसलो. पन्नास फुलं, एकेका फुलातून तीन-तीन बारीक तंतू. सर्जेरावनं माझं काम बघून मान डोलावली. परत येताना म्हणाला, "आज तू दहाला झोप बाबा. सहाला मी ओढतो की."

"मी झोपणारच नाही," मी म्हणालो. "झोपलो तर उठायचा प्रश्न ना?"

"असं करू नको, अंबादास."

पण मी ऐकतोय होय! रात्रभर बसलो. पाचला सर्जेराव बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला, "आता आडवा होऊ नको हं." मी म्हणालो, "डोळे टक्क उघडे आहेत माझे." तो गेला. थंडी आत येत होती म्हणून दाराला कडी घातली. तासभर तर काढायचा होता. पाठ दुखत होती. पाचच मिनिटं पाठ टेकतो म्हटलं, आणि खबरदारी म्हणून सुतळीही बांधली.

बस. त्यानंतर नाकावर ऊन.

शेतावर पोचलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती, माणसं नव्हती. एका माळ्यावर, म्हणजे मचाणावर, सोजरमावशी उभ्या होत्या. त्या कॉलेजच्या शेतावर मजुरीला, सकाळी सातपासून पाखरं राखायच्या. हातात गोफण, पायाशी पत्र्याचा डबा.

ओळीनं सगळ्यांच्या पिशव्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ, सही. सर्जेरावच्या पिशवीवर होती, "स. ७.५५". फक्त माझी कोरी. ती कोरी पिशवी बघून माझ्या पाचावर धारण बसली.

नराचं कणीस आमच्या दोघांच्या कणसांच्या मधे, देठ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीसकट ठेवलेलं होतं. मी ते माझ्या कणसावर झटकलं. थोडी भुकटी पडली. सूर्य माथ्याकडे निघालेला.

माळ्यावरून आवाज आला, "त्याचा जीव गेला आता, लेकरा. उन्हं किती वर आली!"

मी दचकलो. "मावशी, करून बघतोय."

"तुझा तो जोडीदार दोनदा पळत गेला न् पळत आला. कुत्रं मागं लागल्यावाणी."

"त्याला पळायचंच असतं," मी म्हणालो. माझं लक्षच नव्हतं. मी खिशातून पेन काढत होतो. पिशवीवर तारीख टाकली. सही केली. वेळ लिहिताना हात थोडा थांबला, मग लिहिलं, "स. ७.००".

मावशी बघत होत्या. मी मान वर केली. "मावशी, सरांना सांगू नका. माझ्या बहिणीचं वाटोळं होईल."

"मी कशाला सांगू?" त्या गोफणीत खडा घालत म्हणाल्या. "कणीस सांगंल."

परत येताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा राग झाला. आपण झोपलो हे माणसाला सोसवत नाही. कुणीतरी उठवलं नाही, हे सोपं जातं. मेसमध्ये शिरलो तर सर्जेराव समोरच बसला होता, ताटात भाकरी मोडत. चेहरा ओढलेला. मला बघून उठलाच तो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बस खाली!" मी ओरडलो. सगळी मेस थांबली. "दहा जणांना उठवलंस, मला एकट्याला ठेवलंस? मला मागं ठेवायचंच होतं तुला. सरांचा लाडका व्हायचंय ना!"

"सुतळी ओढली होती मी," तो म्हणाला.

"खोटं! सुतळी ओढली असतीस तर मी उठलो नसतो?"

"अंबादास, ऐकून तर घे..."

"काही ऐकायचं नाही मला. तू जोडीदार नाहीस, वैरी आहेस माझा."

तो खाली बसला आणि राहिलेली भाकरी खाल्ली, हळूहळू, पाणी पीत पीत. संध्याकाळी आपलं अंथरूण आणि पेटी उचलून तो शेवटच्या खोलीत राहायला गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्यानं दार हलकेच ओढून घेतलं.

तीन आठवड्यांनी पिशव्या उघडल्या. माझ्या पिशवीत रिकामं कणीस असणार, आणि वर माझ्या हातची सही. सरांनी टाचणीनं दाणे मोजायला सुरुवात केली. मी डोळे मिटले होते.

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

मी डोळे उघडले. पन्नासात एक्केचाळीस टपोरे दाणे! सर पिशवीवरची वेळ बघत होते. मग माझ्याकडे बघितलं आणि वहीत आकडा लिहिला. पुढचं कणीस सर्जेरावचं.

"बारा."

पोरांत कुजबुज झाली. आणि मी, माझी टर्म वाचलेली, जिवात जीव आलेला, काय म्हणालो असेन? म्हणालो, "पहाटे पाचला उठून काय दिवे लावले!" सगळे हसले. सर्जेराव वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता. बराच वेळ करत होता.

रात्री मात्र आनंद टिकला नाही. मेलेल्या परागातून एक्केचाळीस दाणे येतात कसे? एकच उत्तर सुचत होतं. संध्याकाळी सुईनं केलेलं काम कच्चं राहिलं असणार आणि फुलं आपली आपणच फळली असणार. तसं असेल तर ते दाणे संकराचे नव्हेतच, निव्वळ बुटक्या आईचे. आणि सरांनी जाहीर केलं होतं की येत्या पावसाळ्यात प्रत्येकानं आपल्या दाण्यांची ओळ पेरायची. झाडं उंच आली तर संकर खरा. बुटकी आली तर चोरी उघडी, सगळ्या वर्गासमोर, शेतात उभी.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. गंमत बघा, ज्या सकाळसाठी हॉस्टेलभरच्या सुतळ्या कमी पडल्या, ती मला भीतीनं दाखवली. जुलैत पेरणी झाली आणि मी पहाटे साडेपाचला ओळीपाशी हजर. रोज. रोपं वीतभर झाली, गुडघ्याला लागली. रात्री कॅरमला बोलावलं तर मी नाही म्हणायचो. पोरं म्हणायची, "सुरवसेला काहीतरी झालंय!"

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी मी ओळीत उभा राहिलो आणि लक्षात आलं, मला वर बघावं लागतंय. अडतीस झाडं, सगळी माझ्या डोक्याच्या वर. शेजारी बुटक्या वाणाची ओळ माझ्या कमरेला.

संकर खरा होता. नाचायला हवं होतं मी. पण नाचवेना. कारण पराग जिवंत असताना कुणीतरी माझं कणीस फळवलं होतं, आणि तेव्हा मी झोपेत होतो.

सोजरमावशी बांधावरून येत होत्या. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी माझा जोडीदार दोनदा पळाला म्हणालात. कुठं पळाला?"

"हॉस्टेलाकडं. आणि कुठं? सगळी पोरं कामाला लागली न् हा पळतोय. पहिल्या खेपेला आला तो हातातला तांब्या रिकामा. मी म्हटलं, काय रे? तर म्हणतो, खिडकीतून पाणी मारलं तरी उठंना, मावशी. पुन्हा पळाला. आला तवर सूर्य वर आलेला. मग आधी त्या टोकाचं कणीस केलं, उरल्यासुरल्यात आपलं." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "का रे? तुला ठाऊक नव्हतं? तू आलास तेव्हा मला वाटलं, दोघांचं ठरून चाललंय."

त्या टोकाचं कणीस माझं होतं.

एक गोष्ट मी आत्तापर्यंत सांगितली नाही. सांगायची लाज वाटते म्हणून. ज्या संध्याकाळी सर्जेराव अंथरूण उचलून गेला, त्याच संध्याकाळी मी पाय खाली सोडले आणि माझ्या पलंगाच्या पायाला बांधलेली सुतळी मला दिसली. पक्की गाठ, माझ्याच हातची. पाचच मिनिटं पाठ टेकताना सवयीनं हात तिकडेच गेला होता. त्यानं ओढली होती. मी ती गाठ सोडली, सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि कुणाला काही बोललो नाही. त्याचं खरं होतं हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी "काय दिवे लावले" म्हणालो होतो.

आठवडाभर मी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो.

सप्टेंबरात सरांनी सगळ्या वर्गाला शेतात नेलं. प्रत्येकानं आपल्या ओळीपुढं उभं राहून तिची माहिती सांगायची. आई कोण, बाप कोण, पराग कुणी टाकले, किती वाजता. पोरं घडाघडा सांगत होती. सर्जेराव आपल्या अकरा झाडांपुढं उभा राहिला, दोन वाक्यांत आटपलं. मग मी.

"सुरवसेची ओळ सगळ्यांत चांगली आलीय," सर म्हणाले. "सांग. पराग किती वाजता टाकलेस?"

पिशवीवर माझ्याच हातानं "स. ७.००" लिहिलेलं होतं. तेवढं म्हणायचं की झालं. शेवटचं वर्ष चालू होतं, वडिलांचे थोडेच महिने उरले होते, सुमन बारावीत होती. मला तिचा चेहरा दिसला. शेजारी सर्जेराव जमिनीकडे बघत उभा होता. त्यानं जन्मात सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं, आणि त्याचंच मला सोसवेना.

"दहा पस्तीसला, सर."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "दहा पस्तीसचा पराग मेलेला असतो."

"हो, सर."

"मग ही झाडं?"

"माझी नाहीत ती. लोमटेची आहेत. मी झोपलो होतो. पिशवीवर वेळ मी खोटी टाकली." आता थांबता येईना. "आणि सुतळी मी पलंगाला बांधली होती. त्यानं ओढली होती. मेसमध्ये मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

सर म्हणाले, "बरं. पुढची ओळ."

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. "सर, ती हजेरी काढून टाका. टर्म जाऊ द्या. मी घरी सांगतो."

"त्या सकाळी मी विहिरीपाशी होतो," ते चष्मा पुसत म्हणाले. "लोमटे कुणाचं कणीस करतोय, मला दिसत होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, बघू. झाड यायला वेळ लागतो." चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझंही चुकलं असेल. नियमानं तुला तेव्हाच काढायला हवा होता. आता मार्च उलटून गेला, निकाल लागला, आणि ते काम कुणीतरी खरं केलेलं आहे. मी खाडाखोड करत नाही, हे तुला सांगितलंय. पण फुकट सोडणार नाही. पहिल्या वर्षाची पोरं सातच्या तासाला येत नाहीत. अर्धी गैरहजर, अर्धी पेंगलेली. उद्यापासून वर्षभर त्यांची सकाळ तुझ्याकडे. एक जरी झोपलेला सापडला, तरी तुला बोलावीन."

बाहेर आलो तर पायऱ्यांवर सर्जेराव. वाट बघत नव्हता म्हणे, बूट झटकत होता. नऊ महिन्यांनी आम्ही समोरासमोर उभे होतो.

"सांगितलं का नाहीस मला?" मी विचारलं.

"सांगणारच होतो. म्हटलं, मेसमध्ये आलास की सांगू, जा, सरांना खरं सांग, काम झालंय, सही तेवढी राहिलीय. सही मी कशी करणार तुझी? तर तू ओरडत आलास."

"आणि आधी माझं कणीस का केलंस? तुझे मार्क गेले ना."

"तुझी टर्म जात होती. माझे मार्क जात होते." त्यानं दुसरा बूट झटकला. "तेवढं कळतं की मला."

मी माफी मागितली. शब्द आठवत नाहीत, रडलो एवढं आठवतं. तो "बरं, बरं" म्हणाला आणि निघून गेला. माफ केलं की नाही, काही बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर केलं नसतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्या वर्षाच्या पोरांना गोळा केलं, सुतळीचा नवा गुंडा आणला आणि प्रत्येकाच्या अंगठ्याला स्वतः गाठ मारून दाखवली. पलंगाच्या पायावर माझी नजर राहील, हेही बजावलं. त्यांतल्या एकानं विचारलंच, "सर, ही युक्ती तुम्हाला कशी माहीत?" मी त्याचा कान धरला.

सकाळी सहाला खिडक्यांखालून निघालो. धुकं होतं. एक ओढली, आतून शिवी. दुसरी ओढली, आतून शिवी. शिव्या मोजत मी पुढं सरकत होतो. पहिल्या वर्षाच्या खोल्या संपल्या. पुढच्या आमच्या खोल्या, तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. तरी पाय शेवटच्या खिडकीपर्यंत गेले.

सर्जेरावच्या खिडकीतून सुतळी बाहेर आली होती.

ज्या माणसाला आयुष्यात कधी उठवावं लागलं नाही, जो एव्हाना पळून परत यायला हवा होता, त्याच्या गजांतून हातभर नवी सुतळी लोंबत होती. मी ती हातात घेतली. मग अगदी हलकेच ओढली.

आतून त्याचा आवाज आला, झोपेचा नव्हे, चांगला खणखणीत.

"जोरानं ओढ की लेका! पायालाच बांधलीय, पलंगाला नाही."